मेस्त्रींनी नापास केलेल्या पकडी

माझ्याच दुकानात बसून माझंच गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वर त्याला मी चहा पाजायचे. आता मेस्त्री मुलीकडे डहाणूला राहतात, त्यामुळे माझं गिऱ्हाईक सुखरूप असतं. पण सोमवारी सकाळी शटर वर केलं की अजूनही आधी काउंटरजवळच्या स्टुलाकडे नजर जाते.

बोईसरला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. वडील साताऱ्याकडचे, तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरीला म्हणून इकडे आले. निवृत्तीनंतर त्यांनी दुकान टाकलं, मग त्यांचे गुडघे बोलायला लागले आणि गल्ल्यावर मी बसले. हत्यारांच्या दुकानात बाई बसलेली बघून लोक सुरुवातीला मागे कोणी पुरुष आहे का ते बघायचे. मेस्त्रींनी तसं कधी केलं नाही. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्याकडेही पाहिलं नाही, थेट पकडीच्या ट्रेकडे पाहिलं.

मेस्त्री नवापूरचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. पण बोटीत पाय ठेवला की त्यांना उलटी व्हायची. घरात सगळे समुद्रावर जाणारे आणि हे किनाऱ्यावर पोट धरून बसणारे. लहानपणी त्यावरून त्यांची फार टिंगल झाली असणार, कारण तो विषय त्यांच्यासमोर कोणी काढत नसे. त्यांनी उपाय काढला तो असा की समुद्रावर आपण जायचं नाही, बोटीचं इंजिन आपल्याकडे यायला हवं. नवापूर रोडला पत्र्याचं शेड, त्यात बोटींची इंजिनं, अधूनमधून एखादा टेम्पो. इंजिन मेस्त्रींच्या हातून गेलंय म्हटल्यावर बोट घेऊन जाणारे तांडेल निर्धास्त खोल पाण्यात जायचे.

त्यांच्या शर्टाच्या एका खिशात विडी असायची आणि दुसऱ्यात जाळ्याच्या नायलॉन धाग्याची गुंडी. ही गुंडी पक्कड तपासण्यासाठी. दर सोमवारी ते माझ्या दुकानात काउंटरजवळच्या स्टुलावर येऊन बसायचे आणि नवा माल आला असला की कसा कोण जाणे त्यांना आधीच सुगावा लागलेला असायचा. ट्रे पुढे ओढायचे. एक पक्कड उचलायची, तोंड मिटून ट्यूबलाइटसमोर धरायची, एक डोळा बंद. जिथे धार आहे तिथून उजेड दिसला तर ती तिथेच बाद. मग एक मूठ धरून दुसरी सोडून द्यायची. धाडकन खाली आली तर "सैल हाय". जागची हललीच नाही तर "मेलेली हाय". ती सावकाश, स्वतःच्या वजनाने उतरायला हवी. मग मुठीवरच्या रबराचा वास घ्यायचे. रॉकेलसारखा वास आला तर ते रबर घामाच्या हातात फिरणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी नायलॉनचा धागा. कट्‌ करून तुटला पाहिजे, चावल्यासारखा नको. एकदा त्यांनी एक पक्कड चक्क जिभेला लावून पाहिली. मी म्हटलं, "मेस्त्री, ती विकायची आहे मला."

"मंग पूस," ते म्हणाले.

एवढं झालं की ते पकडीचे दोन ढीग करायचे, पास आणि नापास. मी चिडायचे. माल मी पैसे मोजून आणलेला आणि परीक्षा घेणारे हे कोण. पण तोवर गंमत अशी झाली होती की आसपासचे मेकॅनिक येऊन विचारायचे, "मेस्त्रींनी पास केलेली आहे का?" नवापूर रोडपासून पार पालघरच्या पुढे मासवणपर्यंत जेवढी गॅरेजं होती, तेवढ्या ठिकाणी पक्कड घ्यायची तर आधी मेस्त्रींचं काय म्हणणं आहे ते बघितलं जायचं. स्पॅनर कोणाचेही घ्या, हातोडी कुठलीही चालेल, पण पक्कड म्हटली की मेस्त्री. पास झालेला ढीग आठवड्यात संपायचा. नापासांचा मी काउंटरखाली ठेवून घरगुती गिऱ्हाइकांना द्यायचे. खिळा उपटायला काय, कोणतीही चालते.

तेही त्यांना आवडायचं नाही. एकदा सरावलीला राहणारा कारखान्यातला एक कामगार आला. त्याला पक्कड हवी होती. मी काढून देणार तेवढ्यात स्टुलावरून प्रश्न आला, "क्या खोलनेका हाय?"

"गैस का नट है, चाचा."

"पाना हाय तुमारे पास?"

"नहीं."

"तो पाना लो ना. नट को पक्कड लगायेगा तो नट गोल हो जायेगा, फिर तुमारा बाप भी नय खोलेगा."

त्या माणसाने मुकाट्याने एक पाना घेतला आणि गेला. माझी पक्कड ट्रेमध्येच राहिली. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. मेस्त्रींच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, नटाला पाना लावणारी आणि नटाला पक्कड लावणारी. एखाद्याचं नाव निघालं आणि मेस्त्री म्हणाले "तो नटाला पक्कड लावतो", की समजायचं, तो माणूस संपला. त्यात पुढे काही विचारायचं नसे. आमच्या वॉर्डात निवडून आलेल्या एका माणसाबद्दलही त्यांनी हेच सांगितलं होतं.

पक्कड उसनी देणं आणि घेणं दोन्ही त्यांना वर्ज्य. "पक्कड म्हंजे आपलाच हात हाय, फकस्त त्याला चटका बसत नाय," असं म्हणायचे. पुतण्याच्या हळदीला जनरेटर बंद पडला तेव्हा कोणीतरी मांडववाल्याची पक्कड यांच्या हातात दिली. यांनी मोबाइलच्या उजेडात तिचे दात पाहिले, "ही सांडशी हाय" म्हणून परत केली आणि आपली आणायला चालत घरी गेले. ते येईपर्यंत नवरदेव अर्धा पिवळा होऊन अंधारात बसला होता. वहिनीने त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी अबोला धरला. मेस्त्रींना तो का धरलाय हे समजलंच नाही.

तर अशा माणसाची स्वतःची जुनी पक्कड एक दिवस तार धरेनाशी झाली. "झिजली," ते म्हणाले, "आता नवी बघायला पायजेल." त्यांनीच मला सांगितलं की हिरव्या मुठीच्या ज्या पकडी येतात त्या मागव, त्यांचं पोलाद चांगलं असतं. मी त्यांच्या शब्दावर अख्खा खोका मागवला.

सोमवारी मेस्त्री आले. उजेड पाहिला, मूठ सोडून पाहिली, वास घेतला. सगळं ठीक. मग धागा. धागा तुटेना. दुसरी घेतली. तिसरी घेतली. तारेचा तुकडा मागितला, तो पकडीत धरून पिळायला गेले तर तार निसटली.

"नापास," ते म्हणाले.

"कुठली?"

"सगल्या."

खोका परत जाणार नव्हता. मी म्हटलं, मेस्त्री, जरा नीट बघा. त्यांनी परत बघितल्या आणि परत नापास केल्या. नंतरच्या सोमवारी लाल मुठीच्या, ज्या ते वर्षानुवर्षं पास करत आले होते, त्याही नापास झाल्या. "आताशा लोखंडात दमच नाय," ते म्हणाले. हे ते फक्त मला म्हणाले असते तर एक वेळ चाललं असतं. पण ते गॅरेजागॅरेजात म्हणाले. मग काय, बघता बघता सगळीकडे झालं, हिरव्या मुठीची घेऊ नका, मेस्त्रींनी नापास केलीय. माल पोचवणारा माणूस आला, त्याने माझ्यासमोर तार कापून दाखवली, खिळा कापून दाखवला. मी म्हटलं, मला काय दाखवतोस, मेस्त्रींना दाखव. तो म्हणाला, "ताई, मेस्त्री कोण?" आता याला काय सांगायचं.

त्या दिवशी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी काउंटरखालून एक हिरवी पक्कड काढली आणि नायलॉनचा धागा कापला. कट्‌. दुसरी घेतली, कट्‌. मी काही मेकॅनिक नाही. भाजी चिरणारा माझा हात. माझ्या हाताने धागा तुटतो आणि मेस्त्रींच्या हाताने तुटत नाही, याचा अर्थ काय, हे कळायला काही फार हुशारी लागत नाही. तरी मी तो अर्थ लावायला पुढचा सोमवार येऊ दिला, कारण मला तो नको होता.

सोमवारी मी काचेच्या काउंटरवर एक वॉशर ठेवला आणि म्हटलं, "हा कुठल्या मापाचा आहे बघा हो." त्यांनी उचलायला हात घातला. बोटांत येईना. काचेवरून सरकवत सरकवत त्यांनी तो काठापर्यंत नेला आणि खाली डावा हात धरून त्यात पाडला. हे इतक्या सराईतपणे केलं की रोजचंच असणार. मग मी त्यांच्या उजव्या तळव्याकडे पाहिलं. अंगठ्याखाली जिथे मांसाचा उंचवटा असतो, तिथे त्यांच्या हाताला खळगा होता.

"मेस्त्री," मी म्हटलं, "पकडी चांगल्या आहेत. तुमचा हात डॉक्टरला दाखवा."

त्यांनी वॉशर काउंटरवर ठेवला. "दुकान चालवतेस का दवाखाना?" म्हणाले आणि अर्धा चहा टाकून निघून गेले. पुढचा सोमवार आला नि गेला, मेस्त्री आले नाहीत. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही.

शेवटी मी स्कूटर काढून नवापूरला गेले. मेस्त्रींची बायको, आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो, घरामागे काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. मी विषय काढला तशी ती हसायलाच लागली, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला.

"मना काय सांगतेस बाय," ती म्हणाली. "घरात सगला खराब झालाय. कपाचा कान खराब, म्हनून कप पडतो. शर्टाची बटना खराब. कुलूप खराब. परवा म्हन्ला भाकरीत पन दम नाय, तुटत नाय. झोपेतून उठून हात झटकत बसतो. मी म्हन्ला दाखव, तर म्हन्तो मना काय झालाय."

"मग घेऊन जा ना जबरदस्तीने."

मावशीने हातातला बोंबील काठीवर टाकला आणि म्हणाली, "आनि कलला लोकांना तर? इंजिन समुद्रात बंद पडला तर मानसा जातात. ज्याच्या हातात जोर नाय त्याच्याकडे कोन तांडेल इंजिन देल? आमाला पोरगा नाय. शेड बंद झाली तर आमी काय करनार?"

मी एवढंच म्हटलं की मी कोणाला बोलणार नाही, पण हात पूर्ण गेला तर शेड आपोआपच बंद होईल.

मावशी माझ्याहून वस्ताद. गुडघा दुखतो म्हणून सोबत चला, असं सांगून तिने त्यांना पालघरला दवाखान्यात नेलं आणि आत गेल्यावर त्यांचा हात डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. मनगटात नस दबली होती. वर्षानुवर्षं हत्यार दाबून दाबून असं होतं, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन केलं तर आहे तेवढं वाचेल. गेलेला जोर सगळा परत येईल असं नाही, उशीर झालाय. मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांच्या ट्रेमधला चिमटा बघायला मागितला. उलटसुलट करून पाहिला, उजेडासमोर धरला. "दात बारीक हाय, पन सरल हाय," म्हणाले, आणि ऑपरेशनला तयार झाले. हे मावशीनेच मला सांगितलं. लोकांना सांगितलं की हात इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात आला होता, थोडं लागलंय. या कामात असं होतंच, कोणाला शंका आली नाही. आलेली इंजिनं शेडमध्ये थांबून राहिली, मेस्त्रींचा हात बरा होण्याची वाट बघत.

हाताची पट्टी सुटल्यावर ते आले. सोमवार नव्हता. स्टुलावर न बसता म्हणाले, "त्या पकडी काढ."

मी खोका वर ठेवला. त्यांनी एकेक पक्कड डाव्या हाताने तपासली. डाव्याला सवय नव्हती, वेळ लागत होता. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, यांनी मान वर केली नाही. शेवटची खाली ठेवली आणि म्हणाले, "सगल्या पास."

मला इतकं हलकं वाटलं. म्हटलं, "झालं तर मग. मी सांगते सगळ्यांना, मेस्त्रींनी आता पास केल्या."

"लोक विचारनार, आदी नापास का केल्या."

"सांगेन, कंपनीने माल सुधारला."

"म्हंजे आदी खराब बनवत होती, असा ना? बनवनाऱ्याने काय केलाय? त्याने बरोबर बनवलेली." त्यांनी एक पक्कड उचलून खिशात टाकली. "मी बोललेला हाय, मीच जाऊन सांगनार. तू फकस्त ने मना. स्कूटरचा कान पिलवत नाय माज्याच्याने."

दुकान वडिलांवर सोपवून आम्ही निघालो. नवापूर रोडच्या गॅरेजांत गेलो, सरावलीला गेलो, पालघरला तीन-चार ठिकाणी गेलो. प्रत्येक ठिकाणी मेस्त्री तेच बोलायचे, "हिरव्या मुठीची पक्कड मी नापास केलेली. माजी चूक झाली. पक्कड चांगली हाय." लोक म्हणायचे, बरं मेस्त्री, चहा घेता का. हातातलं काम न थांबवता म्हणायचे. कुठे खुर्ची पुढे केली, कुठे डीझेलचे भाव निघाले. पकडीबद्दल कोणी काही विचारलं नाही. मला वाटलं, किती सहज झालं. मेस्त्रींना तसं वाटत नसावं. चहा न घेताच ते स्कूटरकडे वळायचे.

शेवटी मासवण. तिथला गॅरेजवाला मेस्त्रींच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःचेच केस पांढरे झालेला. त्याने वाकून नमस्कार केला. मेस्त्रींनी आपलं वाक्य म्हटलं. त्याने ते ऐकलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरकडे पाहिलं आणि हसला.

"समजलो मेस्त्री. तुमचा मन मोठा हाय. दुकानवाल्या ताईंचा माल पडून राहिला असेल, तुमाला गळ घातली असेल. तुमी काय नाय म्हननार? पन आपल्यात कशाला? मी ती पक्कड नाय घेनार. तुमी पयल्यांदा बोलला तेच खरा हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काही बोलणार तर मेस्त्रींनी हात आडवा केला. सकाळपासून लोकांनी चहा का विचारला आणि पकडीबद्दल का विचारलं नाही, ते मला तेव्हा कळलं. सगळ्यांनी हेच धरलं होतं, मेस्त्री विकले गेले. तोंडावर बोलून दाखवलं ते फक्त ह्याने.

गॅरेजात चारपाच माणसं होती. एक टेम्पोवाला, दोघं गाडीखालून बाहेर आलेले. मेस्त्रींनी खिशातली पक्कड काढली आणि उजव्या हातात घेतली.

"मेस्त्री, नको," मी म्हटलं. मावशीला दिलेला शब्द मला आठवत होता. शेडमध्ये थांबलेली इंजिनं डोळ्यांसमोर होती.

त्यांनी बाकावरचा तारेचा तुकडा उचलला, पकडीत धरला आणि दुसरं टोक गॅरेजवाल्याच्या हातात दिलं. "ओढ," म्हणाले.

त्याने जरासं ओढलं. तार सुटून आली.

"बघितला?" गॅरेजवाला म्हणाला. "सुटते."

"परत ओढ."

त्याने परत ओढलं. या वेळी तारेबरोबर पक्कडही हातातून गेली आणि लादीवर पडली. मेस्त्रींनी ती वाकून डाव्या हाताने उचलली आणि त्याच्या मुठीत दिली. तारेचं टोक त्यांनी स्वतःच्या डाव्या मनगटाला गुंडाळलं. "आता तू धर. मी ओढतो."

ते ओढत राहिले. तार मनगटात रुतली, पक्कड हलली नाही.

"पक्कड धरते," मेस्त्री म्हणाले. "माजा हात धरत नाय. नस गेली. ऑपरेशन झाला, तरी जोर नाय येनार, असा डॉक्टर बोललेत. ही बाय काय मना घेऊन नाय आली, मी हिला आनला. आता कोन विचारेल त्याला सांग."

गॅरेजवाला पकडीकडे बघत नव्हता, त्यांच्या अंगठ्याखालच्या खळग्याकडे बघत होता. टेम्पोवाल्याने विडी विझवली. कोणी चहा विचारला नाही. परत येताना मला रडू येत होतं आणि समोर रस्ता नीट दिसत नव्हता, म्हणून मी स्कूटर फार हळू चालवली. मेस्त्रींनी मागून दोनदा सांगितलं, गिअरची गाडी असती तर आत्तापर्यंत बंद पडली असती.

पाचसहा दिवसांत हिरव्या मुठीचा खोका रिकामा झाला. मासवणवाल्याने तर दोन नेल्या आणि पैसे देताना वर मान केली नाही.

पुढच्या सोमवारी मेस्त्री आले, स्टुलावर बसले.

"गेल्या?"

"सगळ्या गेल्या," मी म्हटलं आणि चहा पुढे केला. त्यांनी तो सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी धरला.

"आणि तुमच्याकडे? शेडमध्ये?"

"तांडेल आले होते," ते म्हणाले. "होती ती इंजिना घेऊन गेले."

मेस्त्रींनी घोट घेतला, कप सांभाळून खाली ठेवला.

"बरोबर केला त्यांनी," ते म्हणाले. "असल्या हाताला इंजिन मी पन दिला नसता."